मनगटावरील वायुभारमापक



गेल्या डिसेंबर महिन्यांत नववीच्या वर्गाची सहल घेऊन मी कळसूबाईच्या शिखरावर गेलों होतों. अकोले तालुक्यांतील हें शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५,४०० फूट उंच असून महाराष्ट्रांत याहून उंच स्थळ नाहीं. सहलीचें वर्णन करण्याचा माझा येथें हेतु नाहीं. त्या सहलींत एका मनगटी घड्याळाच्या निमित्तानें माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला, आणि तो अन्याय दूर करतांना आम्हां सर्वांस हवेचा एक नियम नीट कळला. तो नियम तुम्हांस समजावून सांगावा, व अशा घड्याळाचा उपयोग कसा करावा हेंही सांगावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

घड्याळ काय मोजतें ?

हल्लीं धावणारे, सायकल चालविणारे व डोंगर चढणारे लोक जीं क्रीडा-घड्याळें वापरतात, तीं तुमच्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलीं असतील. त्यांपैकीं कांहीं घड्याळांत वायुभारमापक व उंचीमापक अशीं दोन यंत्रें आहेत, असें त्यांच्या माहितीपत्रकांत लिहिलेलें असतें. वस्तुतः यंत्र एकच. घड्याळाच्या कडेस बारीक छिद्रें असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब आंतील एका अत्यंत पातळ पडद्यावर पडतो. पडद्याच्या पलीकडे हवा काढून घेतलेली पोकळी असते. दाब वाढला कीं पडदा किंचित् अधिक वांकतो, कमी झाला कीं पुन्हां सरळ होऊं लागतो. आणि हें वांकणें विजेच्या साहाय्यानें मोजलें जातें. १८४४ सालीं लूसियां विदी या फ्रेंच गृहस्थानें पाऱ्यावांचून चालणारा, धातूच्या पोकळ डबीचा वायुभारमापक काढला. घड्याळांतील हें यंत्र त्याच कल्पनेचें अतिसूक्ष्म रूप होय.

आतां दाबावरून उंची कशी कळते तें पाहा. मासे जसे पाण्याच्या तळाशीं, तसे आपण हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहतों. डोक्यावरील साऱ्या हवेचा भार आपणांवर असतो. समुद्रसपाटीवर हा दाब सरासरीनें १,०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका भरतो. आपण वर चढूं तसतशी डोक्यावरील हवा कमी होते व दाब उतरतो. समुद्रसपाटीजवळ सुमारें ८ मीटर चढलें कीं दाब १ हेक्टोपास्कलनें कमी होतो. कळसूबाईच्या माथ्याजवळ हवा विरळ असल्यामुळें तेवढ्याच उतारासाठीं सुमारें १० मीटर चढावें लागतें. हा हिशेब घड्याळांत भरून ठेवलेला असतो.

तेव्हां घड्याळ प्रत्यक्ष उंची मोजीत नाहीं. तें दाब मोजतें आणि त्यावरून उंचीचा तर्क करतें. हें वाक्य ध्यानांत ठेवा. पुढील सर्व प्रकार मीं तें विसरल्यामुळें घडला.

अंगणांत बसलेला विद्यार्थी

डोंगराच्या पायथ्याच्या गांवीं आम्ही एका शेतकऱ्याच्या घरीं उतरलों होतों. चढावयाच्या आदल्या सायंकाळीं एका विद्यार्थ्याचा पाय मुरगळला. सकाळीं तो सुजलेला दिसला, तेव्हां त्याला मागें ठेवणें भाग पडलें. घरांतील आजीबाईंनीं त्याच्याकडे पाहण्याचें कबूल केलें. पण मुलाचें तोंड अगदीं उतरून गेलें होतें. त्याला कांहीं काम द्यावें म्हणून मी म्हणालों, "आपल्याजवळ एकसारखीं दोन घड्याळें आहेत. एक मी नेतों, दुसरें तुझ्याजवळ ठेव. तासातासानें त्यांतील उंचीचा आंकडा वहींत लिही."

खरें सांगावयाचें तर हें काम मीं केवळ त्याच्या समाधानासाठीं दिलें होतें. अंगणाची उंची थोडीच बदलणार ? वहींत सारीं शून्येंच येतील, अशी माझी खात्री होती. ८ वाजतां अंगणांतच दोन्ही घड्याळांत उंची शून्य लावली आणि आम्ही निघालों.

चढतांना मुलांनीं वाटेंतील ठळक जागांचे आंकडे टिपून ठेवले. एका लोखंडी शिडीच्या पायथ्याशीं १० वाजतां घड्याळ ४३१ मीटर दाखवीत होतें. शिखरावर जाऊन, देवीच्या देवळापाशीं विसांवा घेऊन आम्ही परत फिरलों. दुपारीं ३ वाजतां त्याच शिडीपाशीं आलों तों घड्याळ ४६४ दाखवूं लागलें. "सर, शिडी तीच, मग आंकडा वेगळा कसा?" असें एका मुलीनें विचारलें. मीं सकाळीं आंकडा लिहिणाऱ्यास दोष दिला आणि पुढें चालूं लागलों.

गांवीं पोहोंचल्यावर मीं मागें राहिलेल्या मुलाची वही पाहिली. तींत पुढीलप्रमाणें लिहिलें होतें: ८ वाजतां ०, ९ वाजतां उणे ६, १० वाजतां उणे ९, ११ वाजतां उणे ५, १२ वाजतां ३, १ वाजतां १२, २ वाजतां १९, ३ वाजतां २३, ४ वाजतां २५. म्हणजे आमच्या यजमानांचें अंगण सकाळीं ९ मीटर खचलें, आणि दुपारीं तेथून ३४ मीटर वर उचललें गेलें ! मला राग आला. हा मुलगा एक तर दुखऱ्या पायानें डोंगरावर भटकला असला पाहिजे, नाहीं तर त्यानें मनास येतील ते आंकडे भरले असले पाहिजेत, असें मीं ठरवून टाकलें. सर्वांसमक्ष मी त्याला म्हणालों, "हे आंकडे खोटे आहेत. उद्यां सकाळपर्यंत वही पुन्हां लिहून दे. प्रत्येक तासापुढें शून्य पाहिजे."

मुलगा कसाबसा उभा राहिला. "सर, असें कां झालें तें मला ठाऊक नाहीं," तो म्हणाला; "पण घड्याळानें दाखविलें तेंच मीं लिहिलें आहे." आजीबाई चुलीपाशीं बसल्या होत्या. त्यांना एक शब्द विचारावा, एवढेंही मला सुचलें नाहीं.

रात्रीं अंथरुणावर पडलों असतां १० वाजतां सहज घड्याळाकडे पाहिलें, तों आंकडा उणे ३ झालेला. पहांटे थंडीनें जाग आली. ४ वाजले होते आणि आंकडा ११ होता. मी तर कुशीवरून कुशीवर वळण्यापलीकडे कांहींच केलें नव्हतें. माझें अंथरूण १४ मीटर वर गेलें असें मानावें, किंवा त्या मुलाची वही खरी मानावी. तिसरा मार्ग नव्हता. हवेच्या दाबाचा दैनिक चढउतार मीं महाविद्यालयांत असतांना पाठ केला होता, परीक्षेंत लिहिलाही होता. मात्र तो माझ्या मनगटावर आला तेव्हां मला ओळखतां आला नाहीं.

सकाळीं चहाच्या वेळीं आजीबाई आपण होऊनच म्हणाल्या, "गुरुजी, लेकरू दिसभर जागचं हललं नाय. येळ झाली का हातातली भाकर ठेवून लिवत व्हतं." मीं सर्व मुलांस अंगणांत बोलाविलें आणि त्यांच्यादेखत त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. दोष चारचौघांत दिला होता. तो चारचौघांतच परत घेणें प्राप्त होतें. त्यानें वही पुढें केली. ती त्यानें पुन्हां लिहिली नव्हती, व तींतील एकही आंकडा खोडला नव्हता.

हवेची भरती-ओहोटी

समुद्राप्रमाणें हवेलाही भरती-ओहोटी असते. मात्र समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळें येते, तर हवेची मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळें. वरच्या थरांतील ओझोन व खालच्या थरांतील पाण्याची वाफ हीं सूर्याची उष्णता शोषून घेतात, आणि त्यायोगें साऱ्या वातावरणांत दिवसांतून दोनदां लाटा उठतात. उष्ण कटिबंधांत सकाळीं व रात्रीं १० च्या सुमारास दाब अधिक असतो. पहांटे व दुपारीं ४ च्या सुमारास तो उतरलेला असतो. दख्खनच्या पठारावर निरभ्र दिवशीं सकाळीं १० पासून दुपारीं ४ पर्यंत दाब साधारणपणें ३ ते ४ हेक्टोपास्कलनें कमी होतो. रात्रीचा चढउतार त्याहून लहान असतो.

दाब उतरला एवढें घड्याळास समजतें. तो आपण चढल्यामुळें उतरला, कीं दिवस कलल्यामुळें, हें त्याला समजत नाहीं. म्हणून अंगणांत स्थिर बसलेल्या मुलाचें घड्याळही दुपारभर डोंगर चढत होतें.

आतां शिडीचा हिशेब करून पाहा. सकाळीं १० वाजतां आमचें घड्याळ ४३१ दाखवीत होतें. त्याच वेळीं अंगणांतील घड्याळ उणे ९ दाखवीत होतें. दोहोंतील अंतर ४४०. दुपारीं ३ वाजतां आमचा आंकडा ४६४, अंगणांतील २३, अंतर ४४१. पांच तासांच्या अंतरानें घेतलेलीं दोन मापें एका मीटराच्या फरकानें जुळलीं ! सकाळीं आंकडा लिहिणारा मुलगाही निर्दोष ठरला. आम्ही तीस जण डोंगर चढून जे आंकडे घेऊन आलों, त्यांना अर्थ आला तो खालीं बसून राहिलेल्या एकाच्या वहीमुळें.

ही युक्ति कांहीं नवी नव्हे. १६४४ सालीं इटलींतील टॉरिचेल्ली यानें आपल्या पत्रांत पाऱ्याच्या नळीचा प्रयोग वर्णिला व हवेला भार असल्याचें प्रतिपादन केलें. तसें असेल तर डोंगरावर पारा खालीं उतरला पाहिजे, असा ब्लेझ पास्काल या फ्रेंच विद्वानानें तर्क केला. तो स्वतः पॅरिस येथें होता. म्हणून त्यानें आपल्या थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोरां पेरिये यांस प्रयोग करावयास सांगितलें. १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पेरिये यांनीं क्लेरमाँ गांवांतील एका मठाच्या बागेंत दोन नळ्या भरल्या. दोहोंतही पारा जुन्या फ्रेंच मापानें २६ इंचांहून थोडा अधिक चढला. एक नळी त्यांनीं तेथेंच ठेवून मठांतील एका धर्मगुरूस दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवण्यास सांगितलें. दुसरी घेऊन ते प्वी द डोम या १,४६५ मीटर उंचीच्या डोंगरावर गेले. तेथें पारा २३ इंचांच्या थोडा वर राहिला. खालीं येऊन विचारतात तों मठांतील पारा जागचा हलला नव्हता. वरील फरक उंचीमुळेंच पडला, हें त्या खालच्या नळीवरून सिद्ध झालें. आज दाबाच्या मापास पास्कालचें नांव आहे. बागेंत दिवसभर बसलेल्या त्या धर्मगुरूचें स्मरण मात्र थोड्यांनाच असतें.

वापरण्याचे नियम

१. निघण्यापूर्वीं घड्याळास ज्ञात उंची लावून द्यावी. आपल्या रेल्वे स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची बहुधा लिहिलेली असते. सर्वेक्षणाच्या नकाशांतही ठिकठिकाणच्या उंच्या दिलेल्या असतात. वाटेंत ज्ञात उंचीचें स्थळ आलें कीं आंकडा पडताळून पाहावा. फरक पडला असेल तर तो वेळेसह वहींत टिपावा व मग घड्याळ दुरुस्त करावें.

२. चालत असतां उंचीमापक व मुक्कामीं वायुभारमापक, अशी योजना ठेवावी. मुक्कामीं उंची बदलत नाहीं, तेव्हां जो बदल दिसेल तो हवेचा होय. कांहीं घड्याळें आपल्या हालचालीवरून ही अदलाबदल आपोआप करतात. पण त्यांचाही अंदाज कधीं कधीं चुकतो.

३. दोघांजवळ अशीं घड्याळें असतील तर एक पायथ्याशीं ठेवावें. पुष्कळ मोबाईल फोनांतही वायुभारमापक असतो. तोही या कामीं चालेल. मात्र दोन्हीं उपकरणें आरंभीं एके ठिकाणीं ठेवून जुळवून घ्यावींत.

४. घड्याळांतील हिशेब एका ठराविक हवेसाठीं केलेला असतो. समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस उष्णता, व दर हजार मीटरांस साडेसहा अंशांची घट, असें त्यांत धरलेलें असतें. आपल्याकडील हवा बहुतेक वेळां याहून उष्ण असते. उष्ण हवा पसरते, त्यामुळें तेवढाच दाब उतरण्यास अधिक चढावें लागतें, आणि घड्याळ चढ खऱ्याहून कमी दाखवितें. दर १० अंशांस ही तूट सुमारें ४ टक्के पडते. तेव्हां आमचे ते ४४० मीटरही खऱ्याहून १५ ते २० मीटरांनीं कमी असण्याचा संभव आहे. खालची वही हवेची भरती-ओहोटी वजा करते. उष्णतेची तूट तिला भरून काढतां येत नाहीं.

५. उपग्रहांच्या साहाय्यानेंही कांहीं घड्याळें उंची काढतात. ती हवेच्या दाबावर अवलंबून नसते. पण तिचा आंकडा क्षणोक्षणीं कांहीं मीटर, आणि उंच कड्यांच्या आड त्याहूनही अधिक, मागेंपुढें होतो. लहानसा चढउतार पाहण्यास दाबाचें यंत्र बरें. दिवसभरांत सांचलेली चूक हुडकण्यास उपग्रहाचें माप बरें.

६. कांहीं घड्याळांत वादळाची सूचना देण्याची सोय असते. तीन तासांत दाब सुमारें ४ हेक्टोपास्कलनें उतरला कीं तीं आवाज करतात. आपण डोंगर चढत असूं तर तो आवाज केवळ चढामुळेंही होऊं शकतो, हें विसरूं नये. मुक्कामीं हवा पाहावयाची तर आजच्या ४ वाजतांच्या दाबाची कालच्या ४ वाजतांच्या दाबाशीं तुलना करावी. सकाळच्या १० शीं करूं नये. एकाच वेळीं घेतलेल्या आंकड्यांत मोठी घट दिसली तर सावध व्हावें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें. अशा वादळाच्या वाटेंत दाब रोजच्या ओहोटीच्या कितीतरी पट खालीं जातो. वळवाच्या पावसाचें मात्र तसें नाहीं. तो पुष्कळदां दाबानें आगाऊ वर्दी दिल्यावांचूनच येतो. वैशाखांत डोंगरावर असतां पश्चिमेस काळे ढग उंच चढूं लागले, तर घड्याळाकडे न पाहतां उघड्या माथ्यावरून खालीं उतरावें.

७. छिद्रांत घाम व माती सांचूं देऊं नये. स्वच्छ पाण्यानें घड्याळ धुवावें, टांचणीनें छिद्र कोरूं नये. हवेची उष्णता पाहावयाची असेल तर घड्याळ मनगटावरून काढून सावलींत थोडा वेळ ठेवावें. नाहीं तर तें तुमच्या अंगाचीच ऊब मोजील.

८. धुक्यांत किंवा तिन्हीसांजेस वाट शोधतांना केवळ आंकड्यावर विसंबूं नये. अंगणांत ३४ मीटरांची चूक ही गंमत वाटते. कड्याजवळ ती प्राणावर बेतूं शकते. नकाशा, पायवाटेच्या खुणा व गांवांतील जाणता मनुष्य यांची साक्ष आधीं घ्यावी.

पालकांस विनंती व मुलांस काम

पालकांस माझी एक विनंती आहे. मुलाच्या वहींत अनपेक्षित आंकडा दिसला, तर तो खोटा आहे असें ठरविण्यापूर्वीं तें माप आपण स्वतः एकदां घेऊन पाहावें. मीं तें आधीं केलें असतें, तर एका प्रामाणिक मुलाची ती रात्र दुःखांत गेली नसती. शिक्षकाच्या भीतीनें त्यानें त्या रात्रीं नऊ शून्यें लिहिलीं असतीं, तर वही माझ्या मनासारखी झाली असती, आणि आम्ही सर्व जण अडाणी राहिलों असतों.

विद्यार्थ्यांनो, सुटींत पुढील प्रयोग करा. क्रीडा-घड्याळ किंवा दाब दाखविणारा फोन घरांतील एका फळीवर ठेवा. तेथून तो हलवूं नका. सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत दर तासाला दाब लिहा. असें लागोपाठ तीन दिवस करा. नंतर आलेख-कागदावर आडव्या रेषेवर वेळ व उभ्या रेषेवर दाब घेऊन बिंदु जोडा. पावसाळी हवा नसेल तर तिन्ही दिवसांच्या रेषा सकाळीं वर चढून दुपारीं खालीं वांकलेल्या दिसतील. शाळा उघडल्यावर ते कागद मजकडे आणा. निरनिराळ्या गांवच्या रेषा आपण एकावर एक ठेवून पाहूं. एखादा आंकडा विचित्र वाटला तर तो खोडूं नका. त्याच्यापुढें वेळ लिहा, आणि तसाच राहूं द्या.